टोकन नंबर एक्केचाळीस

संध्याला पळण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. शाळेत खेळाचा तास आला की तिचं डोकं हमखास दुखायचं. पण दोन हजार दोन सालच्या जानेवारीत, कानाला मफलर गुंडाळून, कुडकुडत ती सकाळी सकाळी तपोवनातल्या मैदानावर उभी होती ती एका शर्यतीसाठीच. आणि छातीत अशी धडधड, की जणू दहा किलोमीटर तिलाच पळायचे होते.

कारण त्या शर्यतीचा निकाल तिचा प्रोग्राम लावणार होता.

सातपूरला एका वर्कशॉपच्या माडीवर मनोज सरांची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर आणि चार माणसं. खाली दिवसभर लेथ घरघरायचं आणि वर ही मंडळी कारखान्यांसाठी हजेरीचे, स्टोअरचे प्रोग्राम लिहायची. मनोज सर म्हणजे उत्साहाचा धबधबा. पंचवटीतलं एक क्रीडा मंडळ जिल्ह्याची रस्ता-शर्यत भरवतंय असं त्यांच्या कानावर आलं, आणि त्याच संध्याकाळी ते मंडळाच्या लोकांना सांगून मोकळे झाले, "निकाल आम्ही कॉम्प्युटरवर लावून देतो. शेवटचा माणूस आत आला की पाच मिनिटांत यादी हातात. आणि मोठ्या पडद्यावर लाइव्ह! नाशकात असं कोणी बघितलेलं नाही."

सांगून आले मनोज सर, करायचं संध्याने.

तिने ते केलंही अगदी जीव ओतून. बेत असा होता: खेळाडूने रेषा ओलांडली की पंच त्याचा नंबर आणि वेळ ओरडून सांगणार, टेबलावर बसलेला, कंपनीतलाच ललित ते टाइप करणार, आणि त्याने एंटर दाबलं की डेटाबेसच्या पोटातच ठेवलेला एक प्रोग्राम जागा होणार. या प्रोग्रामला ही मंडळी प्रोसिजर म्हणत. प्रोसिजर आधी त्या नोंदीला एक टोकन देणार, दवाखान्यात देतात तसं, आल्या क्रमाने. मग नंबर खरा आहे का, वेळ पटण्यासारखी आहे का, ते तपासणार. सगळं ठीक असेल तर नोंद आत, आणि पडद्यावरची यादी नव्याने लागणार. काही खटकलं तर लाल अक्षरांत चूक दाखवून नोंद बाहेर.

ही तपासणी हवीच होती. ललित मुलगा चांगला, पण घाईत त्याची बोटं वाटेल तिथे पडायची. म्हणून संध्या मंडळाचे मुख्य पंच देवराम सर यांना जाऊन भेटली. उभा जन्म त्यांनी शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवण्यात घालवला होता.

"सर, बायकांमध्ये दहा किलोमीटर कमीत कमी किती वेळात होतं?"

"आपल्या जिल्ह्यात?" देवराम सर हसले. "सदतीस मिनिटांच्या खाली मी तरी कोणी बघितली नाही."

संध्याने सदतीसची हद्द घातली. त्याखालची वेळ आली तर ती टाइप करणाऱ्याची चूक समजायची.

आदल्या दिवशी मैदानावर तालीम झाली. मंडळाचे अध्यक्ष बघायला उभे राहिले, आणि नेमकं ललितने मिनिटांच्या जागी नव्वद आणि नंबराच्या जागी वेळ टाइप केली. अख्खा पडदा लालेलाल. अध्यक्षांनी मनोज सरांकडे बघितलं, मनोज सरांनी संध्याकडे.

"उद्या पाहुणे असतील, पेपरवाले असतील," मनोज सर तिला बाजूला घेऊन म्हणाले. "पडद्यावर लाल काही दिसता कामा नये."

"पण सर, चूक झाली तर कळायला नको का?"

"पळणाऱ्यांच्या चुका कळल्या तरी पुरे. आपल्या कशाला दाखवायच्या?"

"मग मी चुका वेगळ्या टेबलात लिहून ठेवते. पडदा स्वच्छ राहील आणि आपल्याला मागून बघता येईल. तासाभराचं काम आहे."

"तासभर कुठून आणायचा? मंडपवाला घाई करतोय. ती एक ओळ असते ना, ती टाक आणि मोकळी हो."

ती ओळ संध्याला माहीत होती. या धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत असते. ‘व्हेन अदर्स देन नल’. म्हणजे, बाकी कुठलीही चूक झाली तर काही करू नकोस. ओरडू नकोस, लिहून ठेवू नकोस, थांबू नकोस. तिने ती टाइप केली आणि क्षणभर तिला वाटलं, आपण एका भल्या माणसाच्या तोंडावर हात दाबतोय. मग तिने तालमीच्या नोंदी पुसून टोकन पुन्हा एकपासून लावलं, मंडपवाल्याने वायर ओढायला सुरुवात केली आणि ती ते विसरली.

शर्यतीच्या सकाळी मैदान फुलून गेलं होतं. जिल्ह्यातून तीनशेच्या वर पोरंपोरी आली होती. बाया, बाप्ये, सगळ्यांना एकत्रच सोडायचं ठरलं होतं. तपोवनातून निघून दिंडोरी रोडने म्हसरूळकडे आणि तिथून परत. बायकांमध्ये सगळ्यांची नजर होती ज्योत्स्नावर. कॉलेजात शिकणारी ही उंच, सडपातळ मुलगी सलग दोन वर्षं पहिली आली होती. पहिल्या येणाऱ्या बाईच्या पुढे चालवायची मोटरसायकल तिच्याच पुढ्यात उभी होती.

शिट्टी झाली आणि सगळा लोंढा धुरळा उडवत फाटकातून बाहेर पडला.

मग सगळं शांत. संध्या टेबलामागे येरझारा घालू लागली. तिने वायर तपासल्या, पुन्हा तपासल्या. ललित बोटं मोडत होता. आणि एकदम फाटकाकडून आरोळी उठली. पहिला गडी आला होता!

"एकशे नऊ! एकतीस दहा!" पंच ओरडला.

ललितने टाइप केलं, एंटर दाबलं, आणि पडद्यावर नाव झळकलं. रोमन अक्षरांत का होईना, स्वतःचं नाव एवढं मोठं बघून तो पोरगा धापा टाकायचाच विसरला. गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. दुसरा आला, तिसरा आला. नाव वर, नाव खाली, यादी जिवंत असल्यासारखी हलत होती. संध्याच्या अंगावर काटा आला. हजेरीच्या प्रोग्रामला कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग गठ्ठ्याने लोक यायला लागले. पंचाचा घसा बसत आला, ललितची बोटं पिंजऱ्यातल्या चिमण्यांसारखी उडत होती. प्रत्येक एंटरमागे छोट्या स्क्रीनवर येत होतं, ‘नोंद झाली’, ‘नोंद झाली’, ‘नोंद झाली’. इतक्यात मोटरसायकलचा हॉर्न वाजला. फीत धरली गेली, फोटोवाले पुढे सरसावले आणि ज्योत्स्ना फीत तोडून आत आली. सदतीस मिनिटं पाच सेकंद. पडद्यावर महिलांच्या यादीत पहिलं नाव तिचं. बँडवाल्यांनी एकच धडाका उडवून दिला.

ज्योत्स्ना गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. श्वास परत आला तशी ती सरळ झाली. तिने पडदा बघितला आणि गर्दीतून वाट काढत थेट टेबलाशी आली.

"ताई, हे चुकलंय. मी पहिली नाही."

"म्हणजे?"

"माझ्यापुढे एक मुलगी होती. म्हसरूळपासून पुरुषांच्या घोळक्यात शिरून पळत होती. लांब वेणी, पायात काही नाही. मी जीव तोडला पण गाठता नाही आली. तिची पाठ बघून बघून पाठीवरचा नंबर पाठ झालाय माझा. दोनशे सतरा."

मनोज सर मध्ये पडले. "अगं, तुझा भास असेल. दमल्यावर होतं असं. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"भास घाम पुसत नाही, सर," ज्योत्स्ना ठसक्यात म्हणाली. "ती पुसत होती."

संध्याने यादीत दोनशे सतरा शोधला. नव्हता. पुरुषांत नाही, बायकांत नाही. तिने ललितकडे बघितलं.

"दोनशे सतरा?" ललितने डोकं खाजवलं. "टाइप केल्यासारखं वाटतंय. ‘नोंद झाली’ आलं असणार, नाहीतर मी थांबलो असतो."

आणि तिथेच संध्याला आपली चूक दिसली. ‘नोंद झाली’ तर प्रत्येक वेळी येणारच होतं. चूक झाली तरी प्रोसिजर गप्प बसणार होती, आणि ललितसमोरच्या स्क्रीनचा प्रोग्राम गप्प बसण्यालाच होकार समजणार होता. ते तिनेच तर केलं होतं, काल, मंडपवाला वायर ओढत असताना.

पण गिळलेली नोंद शोधायची कशी? ती कुठे लिहिलेलीच नव्हती. ती डोळे मिटून उभी राहिली. प्रोसिजर पहिल्यांदा काय करते? टोकन देते. आणि दिलेलं टोकन डेटाबेस कधीच परत घेत नाही, नोंद आत जावो न जावो!

"ललित, सरक!"

तिने खुर्चीत बसून सगळ्या नोंदी टोकनच्या क्रमाने मागवल्या. एकोणचाळीस, चाळीस, बेचाळीस.

"एक्केचाळीस नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली की बँडवाला थांबला. "सर, इकडे या! देवराम सर! हे बघा. चाळीसचं टोकन छत्तीस बाराला, बेचाळीसचं छत्तीस एकोणीसला. मध्ये कोणीतरी आलंय. टोकन घेतलंय आणि आत जाऊ दिलं नाही. का जाऊ दिलं नाही? कारण ती बाई आहे आणि सदतीसच्या आत आली!"

देवराम सरांनी चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "सदतीसच्या आत? आपल्या जिल्ह्यात?"

"तुम्हीच म्हणालात कोणी नाही."

"कोणी नव्हती," देवराम सर म्हणाले, आणि म्हाताऱ्याचे डोळे असे चमकले की जणू त्यांनाच मेडल मिळालं. "कुठे आहे ही पोरगी?"

माइकवरून दोनशे सतराचा पुकारा झाला. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी हरसूलकडची एक मुलगी पुढे आली. "ती छाया. पेठकडली हाय. तिचं नाव नाय आलं, मग मामासंगं गेली. पेठ नाक्यावर गाडी धरायची म्हणत होते."

"कधी गेली?"

"आत्ताच की."

संध्याने पर्समधून स्कूटीची किल्ली काढली तेव्हा ज्योत्स्ना आधीच मागच्या सीटवर होती. "तिला ओळखतेस ना तू?" संध्याने विचारलं. "तोंड नाही बघितलं," ज्योत्स्ना म्हणाली, "पाठ ओळखते. चला!"

रविवारची सकाळ. भाजीच्या गाड्या, रिक्षा, देवदर्शनाला निघालेली माणसं. संध्या एरवी तीसच्या वर स्कूटी नेत नसे. आज तिने एका रिक्षावाल्याला डावीकडून काढलं, एका टेम्पोला उजवीकडून, आणि दोघांच्याही शिव्या एकदमच खाल्ल्या. पेठ नाका दिसला आणि पेठची लाल एसटीही दिसली. कंडक्टरने दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी हलली. मध्ये आडवा आलेला द्राक्षाच्या खोक्यांचा ट्रक मागे येत होता आणि स्कूटीला पुढे सरकायला वाव नव्हता.

"थांबा, मी जाते!" म्हणत ज्योत्स्नाने उडी मारली आणि पळत सुटली. दहा किलोमीटर पळून आलेली ती मुलगी, छातीवर नंबर तसाच, एसटीच्या मागे! तिने गाडी गाठली, पत्र्यावर दणादण थापा मारल्या. "थांबवा! ओ मामा, थांबवा!"

खिडकीतून एक काळंसावळं, गोल तोंड बाहेर आलं. डोळे विस्फारलेले. "अजून पळायचं हाय का?" त्या तोंडाने विचारलं.

"तू दोनशे सतरा ना?" ज्योत्स्ना धावता धावताच ओरडली. "उतर खाली! तू पहिली आलीस!"

गाडी थांबली. कंडक्टर काही बोलायच्या आत अर्धी गाडी खिडक्यांतून बाहेर लोंबत होती. छाया उतरली, तिच्यामागून डोक्यावरची टोपी सावरत तिचे मामा गोटीराम उतरले. संध्या धापा टाकत पोचली.

"नाव का नाही, ते विचारलं का नाहीत? भांडायचं ना!"

"कुठं भांडायचं, बाई?" गोटीराम म्हणाले. "पडद्यावर सगळ्यांची नावं आली, हिचं नाय आलं. म्हटलं, आपली पोर खेड्यातली, काय तरी नियम असंल. मशिनीला काय विचारायचं?"

संध्याने छायाचा हात धरला. "मशीन माझी आहे. चूकही माझी आहे. चल."

तिघी एका स्कूटीवर आणि गोटीराम मागून रिक्षात, अशी वरात मैदानावर परतली तेव्हा कोणी हललं नव्हतं. उलट गर्दी वाढली होती. कुणीतरी बातमी फोडली होती.

संध्या खुर्चीत बसली आणि आधी तिने ती गप्प बसणारी ओळ खोडली. मनोज सर कानाशी कुजबुजले, "पडदा बंद कर आधी."

"नाही सर. पडद्यावरच होऊ द्या."

देवराम सरांनी नियम सांगितला. नेमकी वेळ कळत नसेल तर मागून आलेल्या माणसाची धरायची, खेळाडूला एका सेकंदाचाही फुकट फायदा नको. छत्तीस एकोणीस. ललितने नंबर टाकला, वेळ टाकली, एंटर दाबलं.

पडदा लाल झाला.

छायाने ज्योत्स्नाचा दंड घट्ट धरला. मोठ्या लाल अक्षरांतला मजकूर देवराम सरांनी माइकवर एकेक शब्द लावत वाचला, "वेळ सदतीस मिनिटांपेक्षा कमी. नोंद नाकारली."

संध्याने त्यांच्या हातून माइक घेतला. चार माणसांपुढे बोलायला घाबरणारी ती, तिचा आवाज मैदानभर घुमला. "ही चूक या मुलीची नाही. एवढ्या जोरात कोणी पळू शकत नाही, असं मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं!"

"आणि तिला मी सांगितलं होतं!" देवराम सर माइकशिवायच ओरडले.

हशा पिकला, शिट्ट्या वाजल्या. संध्याने सदतीसची हद्द काढली, प्रोसिजर पुन्हा बसवली. ललितने पुन्हा एंटर दाबलं. महिलांची यादी हलली. ज्योत्स्नाचं नाव एक पायरी खाली सरकलं आणि वर उमटलं, छाया. सगळ्यांत मोठी शिट्टी कोणी मारली असेल तर ती ज्योत्स्नाने, दोन बोटं तोंडात घालून. बँड पुन्हा सुरू झाला. गोटीरामांनी टोपी काढून हवेत फेकली आणि ती पाहुण्यांच्या मांडीवर पडली.

पण संध्याचं लक्ष टोकनांवरच होतं. "थांबा, अजून दोन नाहीत! एकशे अठरा आणि एक!"

एकशे अठराच्या आसपास कोण आलं होतं, याची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा मखमलाबादला भाजी पिकवणारे निवृत्ती, पन्नाशीचे, कपाळावर घामाने ओघळलेला बुक्का, पुढे आले. नंबर एकोणनव्वद. यादीत एकोणनव्वद होता, पण चांगला आठ मिनिटं आधी आलेला.

"एवढ्या लवकर मी आलोच नाय!" निवृत्ती कासावीस होऊन म्हणाले. "मी तर म्हसरूळला पाणी पीत बसलो होतो!"

घामाने भिजलेला शहाऐंशी कुणाला तरी एकोणनव्वद दिसला होता, आणि खरा एकोणनव्वद आला तेव्हा प्रोसिजरने तो दुसऱ्यांदा घ्यायला नकार दिला होता. दुरुस्ती झाली. आता प्रत्येक लाल चूक पडद्यावर आली की गर्दीच ती एका सुरात वाचायची आणि दुरुस्त झाली की टाळ्या पिटायची. निवृत्ती शंभर जागा खाली घसरले आणि खुशीत आपल्या जागी जाऊन बसले.

"आणि टोकन नंबर एक?" संध्या म्हणाली. "शर्यत सुटायच्याही आधीचं आहे हे."

मनोज सरांनी घसा साफ केला. त्यांचे कान पडद्याइतके लाल झाले होते. "मी जरा... सकाळी नंबरच्या जागी माझं नाव टाकून बघितलं होतं. पडद्यावर कसं दिसतं ते. आलंच नाही."

संध्या टेबलावर डोकं टेकून हसली. ललित खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मनोज सर थोडा वेळ गंभीर राहिले, मग तेही हसायला लागले, आणि हसता हसता म्हणाले, "उद्या तुझ्या तासाभराचं काम पहिल्यांदा कर. सगळ्या कारखान्यांच्या प्रोग्रामात."

"तासाभराचं कुठलं, आठवड्याचं आहे, सर."

"मग आठवडा घे."

छायाला बक्षीस म्हणून निळी कोरी सायकल मिळाली. ती चालवायला तिला येत नव्हती, पण हँडल मात्र ती सोडेना. दुपारच्या पेठ गाडीच्या टपावर ती सायकल चढवायला ललित वर चढला, खालून ज्योत्स्ना आणि मनोज सर ढकलत होते, गोटीराम दोरी फेकत होते, आणि कंडक्टर, सकाळचाच तो, सगळ्या प्रवाशांना सांगत होता, "ही ती पोरगी! हिला मी उतरवली होती!" संध्याच्या दोन्ही हातांना चेनचं काळं ग्रीस लागलं होतं. गाडी हलली. छायाने खिडकीतून अंग बाहेर काढून हात हलवला आणि ओरडून विचारलं, "ताई, माझ्याहून जोरात कोणी आली, तर मशीन तिला घेईल ना?"

"घेईल!" संध्या गाडीमागे चार पावलं पळत ओरडली. "नक्की घेईल!"